तुला काय वाटतं?

इंग्रजी साहित्यात एम.ए. करायचं ठरवलेली मुलंमुली मला भेटतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मराठी माध्यमातून आलोय, इंग्रजी जमेल का? मी श्रीगोंदा तालुक्यातल्या गावातून, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणि तालुक्याच्या कॉलेजातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात गेले. त्यामुळे या प्रश्नामागची धाकधूक मला पुरती ठाऊक आहे. इंग्रजी जमतं. वाचत राहिलं, लिहीत राहिलं की पहिलं वर्ष सरेपर्यंत भाषेचा अडसर बराचसा निघून जातो. खरं अवघड जातं ते दुसरंच. समोरच्या मजकुराबद्दल आपलं स्वतःचं काही म्हणणं असावं आणि ते आधार दाखवून मांडावं, हे तोवर आपल्याकडून कुणी करूनच घेतलेलं नसतं.

बी.ए.ला आम्हाला इंग्रजीचे बहुतेक पेपर एकच सर शिकवायचे. मनापासून शिकवायचे. पण समोरची निम्मी मुलं सकाळी डेअरीला दूध घालून आलेली, पुस्तक फार थोड्यांकडे, आणि अख्खं नाटक वर्गात वाचायला तास पुरायचे नाहीत. मग सर गोष्ट सांगत आणि महत्त्वाचे प्रश्न फळ्यावर लिहून देत. ‘शोकांत नायक म्हणून मॅकबेथ’ हा प्रश्न येणार हे सगळ्यांना माहीत असायचं, आणि गाइडमध्ये त्याचं दीड पानी उत्तर तयार असायचं. ते पाठ केलं की भागायचं. मार्कही चांगले पडायचे. मॅकबेथला हवेत खंजीर दिसतो तेव्हा तो प्रेक्षकालाही दिसायला हवा की नको, आणि दिसला तर नाटक कसं बदलेल, असा प्रश्न मात्र बी.ए.च्या तीन वर्षांत वर्गात कुणी विचारला नाही. आमच्याही मनात आला नाही. गाइडवर माझा राग आहे तो एवढ्यासाठी. गाइड चुकीचं सांगतं असं नाही, पण प्रश्न पडण्याआधीच ते उत्तर हातात देतं.

प्रवेश परीक्षा, गुणवत्ता यादी, हॉस्टेलला नंबर लागेपर्यंत मैत्रिणीच्या खोलीवर अंथरूण टाकणं, हे सगळ्यांचं असतं तसंच माझंही झालं. सुरुवातीचे काही आठवडे मी मिळेल तेवढा वेळ जयकर ग्रंथालयात बसून काढला. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, त्यांच्या नावाचं हे ग्रंथालय. ज्या पुस्तकांची आम्ही आजवर नुसती नावं लिहून घेतली होती, ती तिथं हातात घेऊन उघडता येत होती. शेक्सपिअरच्या आर्डेन आवृत्त्या मी पहिल्यांदा तिथंच पाहिल्या. वरच्या अर्ध्या पानावर नाटक आणि खाली बारीक टायपात टिपा. या शब्दाचा त्या काळचा अर्थ काय, ही ओळ वेगवेगळ्या छापील प्रतींत कशी बदलते, अमुक प्रसंग रंगभूमीवर कसकसा केला गेला. गाइडसारख्याच छापील ओळी, पण या टिपा वाचल्यावर प्रश्न वाढत जायचे. एम.ए.ला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, पैसे खर्च करायचेच तर अशा एका आवृत्तीवर करा. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत शोधलं तर परवडेल अशा किमतीतही मिळून जाते.

पहिल्याच सेमिस्टरला एका तासाला मॅडमनी झेरॉक्स वाटल्या. आठ ओळींची कविता. वर शीर्षक नाही, खाली कवीचं नाव नाही. कुणीतरी गुलाबाला सांगतंय, तू आजारी आहेस. रात्रीच्या वादळात उडणाऱ्या एका अदृश्य किड्याला तुझ्या लालभडक सुखाच्या शय्येचा पत्ता लागलाय, आणि त्याचं काळोखं, गुप्त प्रेम तुझा जीव घेतंय. सगळी मिळून 34 शब्दांची कविता. मॅडम म्हणाल्या, “कवी कोण ते शोधत बसू नका. तुम्हाला काय दिसतंय तेवढं सांगा.”

कुणी म्हणालं गुलाब म्हणजे स्त्री. कुणी म्हणालं इंग्लंड देश. कुणी म्हणालं हे सरळसरळ गुप्तरोगाबद्दल आहे. मॅडमनी कुणालाही चूक म्हटलं नाही. प्रत्येकाला एवढंच विचारलं, “हे तुला कुठल्या ओळीत दिसलं?” या एका प्रश्नापुढे बरीच मतं टिकली नाहीत. मग त्यांनी आम्हाला वाक्यं मोजायला लावली. पहिली ओळ हे स्वतंत्र वाक्य, शेवटी पूर्णविराम. उरलेल्या सातही ओळींचं मिळून एकच वाक्य. त्या लांब वाक्याचा कर्ता, म्हणजे किडा, दुसऱ्या ओळीत येतो आणि त्याचं क्रियापद येतं थेट पाचव्या ओळीत. मधे रात्र, वादळ, आणि दोन कडव्यांमधली कोरी जागा. किडा गुलाबापर्यंत पोचेस्तोवर वाचकही क्रियापदासाठी ताटकळतो, आणि किड्याला शय्या सापडते ती नेमकी कडवं ओलांडल्यावर. हे पहिल्यांदा दिसलं ते नंदुरबारहून आलेल्या एका मुलाला. तो वर्गात फारसा बोलायचा नाही. तो म्हणाला, “मॅडम, मराठीत क्रियापद शेवटीच येतं. त्याची वाट बघायची आपल्याला सवय असते. इंग्रजीत ते लगेच यायला पाहिजे होतं आणि आलं नाही, म्हणून अडखळलो.” कॉन्व्हेंटमधून आलेली मुलं त्या ओळींवरून सहज पुढे गेली होती. मराठीतून वाचणारा माणूस जिथं अडखळला, तिथंच कवितेची कळ होती. त्या दिवशी वर्गातलं वातावरण बदललं. मागचे बाक बोलायला लागले.

तास संपताना कळलं, कवी विल्यम ब्लेक, कविता 1794 ची. आणि हेही कळलं की हा प्रयोग जुना आहे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी 1920 च्या दशकात विद्यार्थ्यांना अशाच निनावी कविता वाटून त्यांची मतं लिहून घेतली होती आणि 1929 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्या केंब्रिजच्या मुलांनी नामवंत कवींच्या कविता नाकारल्या आणि सामान्य कविता डोक्यावर घेतल्या. हे ऐकून मला फार धीर आला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांनाही कवीचं नाव झाकलं की चाचपडावं लागतं. मग आपण का घाबरायचं?

भाषाशास्त्राचा पेपर अनेकांना कोरडा वाटतो. मला वाटला नाही. ब्रिटिश प्रमाण उच्चारात 44 ध्वनी धरतात, 20 स्वर आणि 24 व्यंजनं, हे एकदा तक्त्यावर मांडून पाहिलं की ‘आपले उच्चार गावठी’ या लाजेतून माणूस बाहेर येतो. आपण कुठला ध्वनी कुठल्या मराठी ध्वनीच्या जागी बसवतो आणि का, हे कळतं. लाजेच्या जागी माहिती येते. गावाकडून येणाऱ्यांनी हा पेपर टाळू नये.

दुसऱ्या बाजूला, वसाहतवादाच्या पेपरात इंग्रजी हा विषयच आमच्यासमोर आरोपी म्हणून उभा राहिला. भारतात इंग्रजी शिक्षण आणण्याची बाजू मांडणारं मेकॉलेचं 1835 चं टिपण आम्ही पूर्ण वाचलं, सारांश न घेता. गौरी विश्वनाथन यांच्या 1989 च्या पुस्तकातली मांडणी वाचली: इंग्रजी साहित्य हा अभ्यासाचा विषय म्हणून इंग्लंडमध्ये स्थिरावण्याआधीच भारतात कंपनी सरकारच्या आश्रयानं रुजला, आणि त्यामागे राज्य चालवण्याचा हिशेब होता. केंब्रिजमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवी परीक्षा 1917 ची. मुंबई विद्यापीठ तर 1857 मध्येच सुरू झालेलं. आणि आम्ही हे कुठं बसून वाचत होतो? विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गव्हर्नरांचा जुना बंगला. 22 जून 1897 च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ याच ठिकाणी झाला होता, आणि तिथून परतणाऱ्या रँडवर चाफेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली. आम्ही रोज ज्या रस्त्यानं बसनं यायचो तोच हा.

पण त्याच विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. 1854 च्या ‘काव्यफुले’ संग्रहात त्यांनी इंग्रजीला माउली म्हटलंय आणि शूद्रातिशूद्रांना ती शिकायला सांगितलंय. मग इंग्रजी ही राज्यकर्त्यांची बेडी की सावित्रीबाईंची माउली? यावर वर्गात चांगलीच जुंपली. पुण्यातल्या काही मुलींना मेकॉलेचा संताप आला होता. मला तितका येत नव्हता, आणि का येत नव्हता ते मला त्या दिवशी उभं राहून सांगावं लागलं. माझ्या घराण्यातल्या बायकांना संस्कृत कुणी दिलं नव्हतं, पोथीही हातात दिली नव्हती. त्यांच्या हातून कुणी काही काढून घेतलं असेल तर ते इंग्रजांच्या फार आधीच. विश्वनाथन यांचा इतिहास मला पटतो. पण ती भाषा शिकून कुणी कुणाविरुद्ध वापरली, हे त्यात जोडल्याशिवाय महाराष्ट्रापुरतं तरी चित्र पुरं होत नाही. आजही माझं मत हेच आहे. भर वर्गात, इंग्रजीत, न थांबता मी पहिल्यांदा बोलले ते हे.

बोलणं आणि लिहिणं यांत मात्र मोठं अंतर असतं. आमच्या मॅडमची असाइनमेंट तपासायची रीत मी आता माझ्या वर्गात वापरते, म्हणून नीट सांगते. त्या लाल पेन वापरत नसत. पेन्सिलीनं प्रत्येक परिच्छेदाच्या समासात त्या परिच्छेदाचं म्हणणं एका छोट्या वाक्यात लिहीत. जिथं असं वाक्य करता येत नसे तिथं नुसती आडवी रेघ. माझ्या पहिल्या असाइनमेंटच्या अर्ध्या समासात रेघा होत्या. तिसऱ्या पानावर एका परिच्छेदाला बाण करून लिहिलं होतं, “इथून सुरू कर.” त्याआधीचं सगळं म्हणजे कवीचा जन्म, कालखंड, कालखंडाची वैशिष्ट्यं. शाळेपासून आपण असंच लिहीत आलो, प्रस्तावना केल्याशिवाय मुद्द्याला हात घालणं उद्धटपणाचं वाटतं. मॅडमचं म्हणणं असं की वाचकाला तुमचा मुद्दा पहिल्या पानावर कळला पाहिजे, म्हणजे पुढची पानं तो तुमच्याशी भांडायला किंवा तुम्हाला साथ द्यायला वाचेल.

उद्धरणांबाबतही त्यांचा दंडक होता. दुसऱ्याचं वाक्य घेतलं की त्यावर निदान तेवढ्या लांबीचं तरी स्वतःचं लिहायचं. समीक्षकाचं वाक्य डकवून पुढे सरकायचं नाही. एम.एल.ए. या संदर्भ नोंदवण्याच्या ठरलेल्या पद्धतीनं संदर्भ कसे द्यायचे, स्वल्पविराम कुठं, पृष्ठक्रमांक कुठं, हे एका दुपारी शिकून होतं. पण दुसऱ्याचं कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं हे लिहिणाऱ्याला स्वतःला कळणं, याला वर्ष जातं. पाठांतरावर वाढलेल्यांना तर जास्तच, कारण पाठ केलेलं वाक्य काही वर्षांनी आपलंच वाटायला लागतं.

दुसऱ्या वर्षी भारतीय इंग्रजी साहित्याच्या पेपरासाठी निबंध लिहायचा होता. मी अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ निवडली. 1976 मध्ये पुस्तकरूपानं आलेल्या या 31 कविता, पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार. निवडण्याचं कारण साधं. खंडोबा आमचं कुलदैवत. घरात लग्न झालं की जागरण-गोंधळ, नव्या जोडप्याला जेजुरीला नेणं, तळी भरणं, भंडारा, हे मी जन्मापासून बघत आले. पुस्तक वाचलं आणि पहिल्यांदा मन दुखावलं. पडकी देवळं, कुत्री, दरवाज्याचं मोडकं बिजागर, पुजाऱ्याची नजर बसकडे. आमची जेजुरी यात कुठं आहे?

मग भालचंद्र नेमाड्यांचा 1980 च्या दशकातला, भारतीयांनी इंग्रजीत लिहिण्याविरुद्धचा गाजलेला लेख हाती आला. नेमाडे स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांचा आक्षेप असा की कोलटकर मुंबईहून सुटीत आलेल्या पर्यटकासारखे जेजुरीला येतात आणि निघून जातात. वाचून मला बरंच हायसं वाटलं. माझं दुखणं एका मोठ्या माणसानं आधीच लिहून ठेवलं होतं. पहिला खर्डा मी त्याच जोरावर लिहिला. मॅडमनी समासात लिहिलं, “हे नेमाड्यांचं. तुला काय वाटतं?”

त्याच सुमारास एका शनिवारी गावी गेले होते. आत्या ओसरीवर शेंगा फोडत होती. तिला मी त्यातली म्हातारीची कविता मराठीत सांगून दाखवली. जेजुरीच्या डोंगरावर एक म्हातारी बाही धरून मागं लागते. आठ आणे द्या, घोड्याच्या टापेचं ठाणं दाखवते. ते तुम्ही आधीच पाहिलेलं असतं. ती सोडत नाही. एकदाचं तिला झटकावं म्हणून तुम्ही वळता, तेव्हा ती म्हणते, असल्या या उजाड डोंगरावर म्हातारीनं दुसरं करायचं तरी काय? तिच्या डोळ्यांच्या भोकांतून तुम्हाला आभाळ दिसतं. तिच्या सुरकुत्यांपासून भेगा सुरू होतात आणि डोंगर, देवळं, आभाळ तडकत जातं. ती तेवढी अभंग उभी राहते.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग दिले का त्यानं आठ आणे?”

मी पुस्तक उघडून पुन्हा बघितलं. दिले असं कुठं लिहिलेलं नाही. दिले नाहीत असंही नाही. शेवटच्या कडव्यात पैसे द्यायचे की नाही हा सवालच उरत नाही, कारण देणारा स्वतःच तिच्या हातातली चिल्लर होऊन जातो. “म्हणजे तिनं त्यालाच ठिवून घेतला,” आत्या म्हणाली आणि परत शेंगांकडे वळली.

रविवारच्या एस.टी.त मी निबंधाचा आराखडा नव्यानं केला. नेमाडे म्हणतात तो पर्यटक कवितेत आहेच, आणि कवितेलाही तो माहीत आहे. त्याला ‘तुम्ही’ म्हणून कवी वाचकालाच त्याचा सदरा चढवतो, त्याचा तुटकपणा वाचकाकडून अनुभवून घेतो, आणि मग तीन-तीन ओळींच्या त्या छोट्या कडव्यांमधून हळूहळू त्याची किंमत उतरवत आणतो. पर्यटकाची नजर ही या कवितेची मर्यादा नाही, तिचा विषय आहे. म्हातारीच्या कवितेपुरतं मी हे ओळीओळीतून दाखवू शकले. पण नेमाड्यांचं म्हणणं मी सगळं सोडलं नाही. वाघ्या आणि मुरळी यांच्यावर संग्रहात कविता आहेत, तरी जागरणाच्या रात्री आमच्या अंगणात जो आनंद भरलेला असतो तो मला या पुस्तकात कुठं सापडला नाही. तो नसणं हे कवीचं न्यून मानावं की त्याचा प्रामाणिकपणा, यावर मी शेवटची दोन पानं लिहिली. माझा कौल प्रामाणिकपणाकडे गेला. जो आनंद आपल्याला झाला नाही तो कोलटकरांनी उसना आणला नाही.

सेमिनारला निबंध वाचला तेव्हा एका सरांनी विचारलं, “तू खंडोबाची भक्त म्हणून बोलतेस की समीक्षक म्हणून?” मी म्हणाले, भक्ताच्या घरातली आहे म्हणून मला दुखलं, आणि दुखलं म्हणून मी इतक्या बारकाईनं वाचलं. सर म्हणाले, मग हे निबंधात लिही, लपवू नकोस. निबंधात ‘मी’ लिहायचं नसतं असं आम्हाला बी.ए.पर्यंत शिकवलेलं. अंतिम खर्ड्यात पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं की लेखिकेचं कुलदैवत खंडोबा आहे. आत्याचा प्रश्नही लिहिला, तिच्या परवानगीनं.

हे शिकून पुढे काय, असं पालक विचारतात. त्यांना खोटं सांगण्यात अर्थ नाही. सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा झाल्यावरही कायम नोकरीसाठी वाट बघावी लागते, अनेकजण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात, मीही त्यातलीच. माझ्या बरोबरचे काही भाषांतरात आहेत, काही प्रकाशन संस्थांत, काही कंपन्यांसाठी लिहितात. ज्यांनी एम.ए.ला खर्डे पुन्हा पुन्हा लिहिले, त्यांना लिहिण्याची कामं मिळाली आणि टिकली. नोट्स काढून पास झालेल्यांना अजून शोधावी लागताहेत. माझ्या पाहण्यातलं हे एवढं आहे.

मी शिकवते त्या कॉलेजात प्रथम वर्षाला आठवड्यातला एक तास मी फक्त लिहिण्यासाठी मागून घेतलाय. एक निनावी उतारा, गाइड दप्तरात, अर्धं पान लिहायचं. इंग्रजी अडलं तर मराठीत लिहा आणि ओळीचा आधार द्या, एवढीच अट. गेल्या आठवड्यातले कागद अजून तपासायचे राहिलेत.